डब्यावर चिकटविलेले शोकपत्रक

ग्लादिना या डोंगरी गावात आता बोझान नावाचे वृद्ध गृहस्थ एकटेच राहतात. उतार घसरू लागल्यास खालच्या रस्त्याला वेळीच सूचना मिळावी, म्हणून तेथे नऊ खांबांवर नऊ डबे बसविलेले आहेत. डबे बहुतेक वेळ झोपतात. दर दहा मिनिटांनी क्षणभर जागे होऊन ते मातीची ओल व हालचाल मोजतात, शेजारच्या डब्याला बिनतारी निरोप देतात आणि पुन्हा झोपतात. अशाने बॅटरी टिकते. बोझान यांच्या फाटकाजवळचा डबा मात्र सर्वांचे निरोप पुढे धाडतो. तो अधिक थकतो, म्हणून त्याला सौरपट्टी दिलेली आहे.

ऑक्टोबरात त्यांची पत्नी रूसा हिला जाऊन वर्ष झाले. अशा दिवशी शोकपत्रके चारचौघांत दिसतील अशी चिकटवायची, या आमच्या डोंगराकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी ती तिच्या छायाचित्रासह छापून आणली आणि एक पत्रक खळ लावून फाटकाजवळच्या त्या डब्यावर, सौरपट्टी झाकून, चिकटविले. अकरा दिवसांनी नऊही डबे गप्प झाले. डब्यांची देखभाल करणारी मिग्लेना गाडी घेऊन वर आली.

"आजोबा, हे काय केलंत? ह्याला ऊन कुठनं मिळणार?"

"सारखा झोपलेला तर असतो. त्याला कशाला ऊन?"

"वरच्या आठांचं ओझं हाच वाहतो. हा उपाशी, तर सगळा डोंगर मुका. फाटकावर लावायचं ना."

"फाटकावर आहेच. तिथलं मी एकटाच वाचतो. तू येतेस ती थेट ह्या डब्यात तोंड घालतेस, म्हणून इथं लावलं."

मिग्लेनाने ते पत्रक पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचले. बोझान यांनी टोपी काढली. वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःच कोमट पाण्याने कागद सोडविला, तो फाटला.

"आता कोरड्या दिवसांत डबे तासाला एकदाच उठतील," ती निघताना म्हणाली. "बॅटरी वाचेल. मी थेट एप्रिलात येईन."

"बरंय. तुझं पेट्रोलही वाचेल."

ती गाडीपाशी घुटमळली. "अजून पत्रकं आहेत? खाली बसथांब्यावर लावते. तिथं माणसं उभी असतात."

त्यांनी घरातून उरलेली सहाही आणली.

"एक ठेवा की तुमच्याकडे."

"मला पाठ आहे, पोरी."

खालच्या गावात, आमच्या बसथांब्यावर लागलेले पत्रक मी, बस येईपर्यंत, सावकाश शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.