हाड जुळेना, बोल मला

ब्याण्णव साली केदारखेड्याला शेताच्या बांधावरून घसरून सासूबाईंची नडगी मोडली. जालन्याला नेऊन मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. चार महिने झाले तरी हाड जुळेना.

डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला, मग प्लास्टरबाहेरच्या बोटांना हात लावला. बोटं गार. दुसऱ्या पायाची नाडी घोट्यापाशी चाचपली, तीही सापडेना. "आजी, तंबाखू खाता?"

"न्हाई बापा. तसले शौक न्हाईत मला."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडे मिसरीला तंबाखू कुणी म्हणत नाही. ती दात घासायची वस्तू. तव्यावर तंबाखू जाळून, कुटून मीच डबी भरून द्यायचे आणि त्या दिवसातून पाच-सहा वेळा लावायच्या. मी ते सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "ती तंबाखूच. तिनं पायाच्या शिरा आवळल्यात. रक्त पोचलं तर हाड जुळेल." सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मिसरी सोडली.

मी डबी उकिरड्यावर फेकली. दूध, डिंकाचे लाडू, गोळ्या, सगळं वेळच्या वेळी. तरी आष्टीची नणंद आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, आईला दूध देता का मांजरच पिऊन राह्यलं?" आमचे हे जालन्याला कारकून, शनिवारी गावी यायचे. शेजारीच मान खाली घालून जेवत राहिले. सुनेनं उपाशी ठेवलं म्हणून हाड जुळेना, असं गावभर झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी; पण चोर कोण ते मला कुठं ठाऊक होतं?

ते दवाखान्यात कळलं. प्लास्टर कापताना मांडीपाशी आत खोचलेली मिसरीची पुडी खाली पडली. कागद ह्यांच्या ऑफिसातल्या छापील फॉर्मचा होता.

"तिच्यानं राह्यवत नव्हतं," बाहेर आल्यावर हे म्हणाले. "तोंड आंबून गेल्तं तिचं. आई हाय माझी."

"आन् लोक माझ्यावर थुंकत व्हते, तवा तुमचं तोंड शिवलं व्हतं का?"

"तू सून हायेस. चार शब्द ऐकले तर काय बिघडलं?"

त्या दिवशी हे माझ्या मनातून उतरले, ते कायमचे.

हाड शेवटी वाकडंच जुळलं, सासूबाई लंगडत राहिल्या. दोन वर्षांनी त्यांनीच नणंदेला बसवून सांगितलं, "हिचा काही गुन्हा न्हाई. म्याच चोरून लावत व्हते."

नणंद म्हणाली, "पर जागेवर पडून व्हतीस तू. आणून कोन देत व्हतं?"

हे खोलीतच होते. सासूबाई त्यांच्याकडे बघत थांबल्या. मीही थांबले.

"काय माहीत," हे म्हणाले, आणि चपला घालून बाहेर गेले.