राखेने घासलेला डबा

आमच्या गावच्या शाळेत पिण्याच्या पाण्याचा हंडा भरण्याचे काम माझ्या मायकडे होते. गाव सीमाभागातल्या मन्नाएखेळ्ळीपासून आत. धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या आमच्या वस्तीने स्वतः खणलेली विहीर शाळेला जवळ पडायची, म्हणून ते काम तिला मिळाले. रोज सकाळी चार घागरी ती त्या पितळी हंड्यात ओतायची. 'सगळ्या घरची लेकरं माज्या हातचं पाणी पितेत,' हे ती आल्या पाहुण्याला दोनदा तरी सांगायची.

मी गुलबर्ग्याला एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना गावात एक म्हैस मेली. मरण्याआधी ती आमच्या विहिरीजवळच्या हौदातले पाणी प्याली होती. त्या जागी पूर्वी मेलेली ढोरे फाडत, तिथल्या मातीतच विष उतरले आहे, असे लोक बोलू लागले. तालुक्याच्या दवाखान्याने पाण्यात रोगजंतू नाहीत असे कळवले, तरी विषाचे बोलणे थांबेना. हेडमास्तरांनी हंडा पालथा घातला आणि म्हणाले, "विष न्हाई असा कागद आणा, मग बघू."

माय पाच लिटरचा पाण्याचा डबा मांडीवर धरून बसने आली.

"तू शिकलास न्हवं? मग ह्यात काय हाय बघ. माजा हंडा सरळ झाला पायजे."

आमच्या विभागात तेव्हा आयन वेगळे करणारे यंत्र नवे होते. सरांनी मला ते वापरू दिले, हे त्यांचे उपकार. शिसे, तांबे, जस्त यांचे आयन विहिरीच्या पाण्यात इतके विरळ असतात की पाणी तसेच घातले तर यंत्राला ते दिसत नाहीत. म्हणून आधी ते गोळा करायचे. बोटाएवढ्या काचेच्या नळीत रेझिनचे कण भरलेले असत, राळ्याच्या दाण्यांसारखे पिवळट आणि बारीक. त्यातून पाच लिटर पाणी थेंबाथेंबाने सोडायचे. पाणी निघून जाते, जड धातूंचे आयन कणांना धरून नळीच्या वरच्या टोकाला साचत राहतात. शेवटी थोडे आम्ल सोडले की ते सगळे एकदम सुटतात आणि चमचाभर द्रावणात उतरतात. जे पाण्यात होते तेच, पण हजारपट दाट. मग ते द्रावण यंत्रात घालायचे. पाण्यात मिसळलेल्या सौम्य आम्लाच्या प्रवाहाबरोबर एकेक धातू आपापल्या वेळेला बाहेर येतो आणि पेन कागदावर त्याची टेकडी काढते.

पाणी गळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी माय कागद न्यायला आली आणि बाहेर कट्ट्यावर बसली. आत जस्ताची वेळ झाली तसे पेन वर गेले ते कागदाच्या कडेला जाऊन अडकले. लोक म्हणतात ते खरेच की काय?

सरांनी कागद पाहिला आणि विचारले, "डब्बा कैसा धोये जी?"

मी बाहेर जाऊन मायला विचारले. ती खुशीत म्हणाली, "राखेनं. तीन येळा, नारळाच्या शेंडीनं घासून घासून."

पाण्याबरोबर राखेतले जस्तही हजारपट होऊन आले होते. मी व्हरांड्यातच ओरडलो, "कुणी सांगितलं होतं घासायला? दोन दिवस मी तुझ्या चुलीतली राख मोजत बसलो!"

प्रयोगशाळेच्या दारात उभे असलेले दोघेतिघे विद्यार्थी हसले.

"कामून ओरडायलास रे?" ती हळूच म्हणाली. "कॉलेजातली मानसं हात लावणार. आपल्या घरचा डबा घाण हाय म्हनले असते म्हंजी?"

"म्हणू दे," मी म्हणालो. हे शब्द मला परत घेता आलेले नाहीत.

मग मी प्रयोगशाळेतला आम्लाने धुतलेला डबा तिला दिला. विहिरीच्याच पाण्याने तीनदा खळबळायचा आणि भरायचा. आत हात नाही, राख नाही, बाहेरूनसुद्धा पुसायचा नाही. पुढच्या आठवड्यात ती तो घेऊन आली. विहिरीवर तो खाली पडला होता, लाल चिखल वाळून त्याला चिकटला होता.

"बशीत कंडक्टर म्हनला, अक्का, डबा तरी धुवायचा की वो. समदे बघायलते. मी तसाच मांडीवर धरून बसले. तूच धुवू नको म्हनलास न्हवं?"

या वेळी पेन जवळजवळ सरळ चालले. जस्ताचा लहानसा उंचवटा तेवढा आला, कुठल्याही चांगल्या विहिरीच्या पाण्यात येतो तसा. सरांनी अहवालावर सही केली. "मेरे घर के नल से अच्छा पानी है, माँजी," ते मायला म्हणाले. तिने वाकून नमस्कार केला.

हेडमास्तरांनी तो कागद पूर्ण वाचला आणि आमच्यासमोर हंडा सरळ केला. मायने चार घागरी ओतल्या. दुपारच्या सुट्टीत मुले बाहेर आली. बहुतेकांच्या हातात घरून आणलेली बाटली होती. आमच्या वस्तीतली तीन लेकरे तेवढी हंड्याकडे गेली. हेडमास्तर म्हणाले, "कागद बरोबर हाय, बाई. पर आई-बापांनी सांगितलंय, मी काय करू?"

संध्याकाळी मायने हंडा कलंडवला. जवळजवळ सगळे पाणी शाळेपुढच्या कडुलिंबाच्या बुडाशी गेले. मग ती ओंजळभर राख घेऊन खाली बसली. हात लावण्याआधी तिने माझ्याकडे पाहिले.

"आता राख लावली तर चालतंय न्हवं?"

"चालतंय, माय," मी म्हणालो.

त्यानंतर ती सहा-सात वर्षे जगली. अंगात बळ होते तोवर रोज सकाळी हंडा भरायची, संध्याकाळी झाडाला ओतायची आणि घासायची. सुट्टीला गेलो की मी तिच्याजवळ बसून राख चाळून द्यायचो.