केक आणि निरांजन

माझी धाकटी बहीण सासरहून कायमची परत आली, ती एकटीच आली. मुलगी तिकडे साताऱ्याला आजीजवळ राहिली. त्यानंतरची काही वर्षं बहीण संध्याकाळी कामावरून आली की कॉम्प्युटरवर एक गेम खेळत बसायची आणि मी तिला त्यावरून टोमणे मारायचो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं म्हणायचो. ती हूं की चूं करायची नाही. मी बोलतोय ते खरं म्हणजे तिच्या नवऱ्याला उद्देशून असतं आणि तो समोर नसल्यामुळे गेमच्या डोक्यावर बसतं, हे तिला माझ्याआधी कळलं असावं.

झाशीत आमच्यासारखी जुनी मराठी घरं आता बोटावर मोजण्याइतकी. दतिया गेटजवळच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे गच्ची, आणि घरात आई, बहीण आणि मी. माझं लग्न राहून गेलं. बहिणीचा नवरा फौजी, तेव्हा इथून जवळच्या बबिन्याच्या छावणीत होता. बबिन्याच्या फौजी लोकांत मराठी बरीच, त्यामुळे स्थळ सांगून आलं, आणि मराठी बोलणारा जावई मिळाला म्हणून आई हरखून गेली. पुढे त्यांचं जमलं नाही. का जमलं नाही ते मी सांगणार नाही. बोटं मोडायची तेवढी माझी मोडून झाली आहेत आणि त्याने कुणाचं भलं झालं नाही. मोठी माणसं बसली आणि ठरलं, की बहिणीला कमाई नाही, तिकडे शाळा चांगली आहे, तर मुलगी तिकडेच राहील आणि मे महिन्याच्या सुट्टीत झाशीला येईल. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. पहिल्या मे महिन्यात झाशीत ऊन फार म्हणून पाठवली नाही. दुसऱ्या वर्षी कसलंसं शिबिर निघालं. पुढे कारणं सांगणंही थांबलं.

बहिणीने सिव्हिल लाइन्समधल्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात टायपिंगचं काम धरलं. तिथल्याच कुणीतरी तिला हा गेम दिला. यात ना मारामारी ना शर्यत. माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं आणि त्यांचा संसार चालवायचा, झालं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यात लाकडी जमिनीचं घर होतं, दारात पोहण्याचा तलाव होता आणि गोरी माणसं हातवारे करत कुणाला न कळणाऱ्या भाषेत बोलत होती. बहीण कंटाळलेली दिसली. "दादा, हे परक्याचं घर आहे," ती म्हणाली. "इथे मी काय करू?"

मग तिला मॉडचा शोध लागला. मॉड म्हणजे गेम खेळणाऱ्यांनीच घरी बसून बनवलेल्या वस्तू आणि बदल. ते इंटरनेटवर ठेवलेले असतात, आपण घ्यायचे आणि आपल्या गेममध्ये घालायचे. कोइंबतूरच्या कुणा मुलीने साड्या बनवल्या होत्या, त्या बहिणीने घेतल्या आणि गेममध्ये स्वतःसारखी एक बाई बनवून तिला नेसवल्या. कुणाचे स्टीलचे डबे घेतले, कुणाचा झोपाळा. जे कुठेच मिळालं नाही ते स्वतः बनवायला शिकली. गच्चीत उन्हात आमचं ताम्हण ठेवून तिने त्याचा फोटो काढला आणि काय काय खटपटी करून ते गेममध्ये नेलं. माझ्या मुंजीत त्या ताम्हणाच्या काठाला पोचा पडला होता, तोसुद्धा गेममधल्या ताम्हणाला आला. आमची निळ्या चुन्याची भिंत आली, तुळस आली, फडताळ आलं. "दादा, बघ तर, सही बसलंय का?" असं विचारायची आणि मी "भिंत जरा फिकट पाहिजे" असं सांगायचो. म्हणजे टोमणे मारता मारता मीही त्यात ओढला गेलो होतो.

एके दिवशी तिने मला हाक मारली. गेममधल्या निळ्या भिंतीपाशी एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, जांभळा परकर-पोलका आणि हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ. माझी भाचीच ती. तशीच्या तशी, सहा वर्षांची. गच्चीत जाऊन मी उगीच तुळशीला पाणी घातलं. सकाळीच घातलेलं होतं.

त्या गेममध्ये वय वाढण्याची एक रीत आहे. वाढदिवसाला केक आणायचा, मेणबत्त्या फुंकायच्या, की मूल एकदम पुढच्या वयात जातं. भाचीचा खरा वाढदिवस आला त्या दिवशी बहिणीने सकाळी साताऱ्याला फोन केला, तर ती शाळेत गेलेली. संध्याकाळी केला, तर खेळायला गेलेली. तेव्हा बहिणीने गेममध्ये वाढदिवस करायचं ठरवलं. केक तिला नको होता. केकच्या जागी तिने आमचं ताम्हण बसवून घेतलं. त्यात निरांजन, सुपारी, अक्षता, अंगठी, सगळं होतं. आईला आणि मला बोलावलं. आईने डोक्यावरून पदर घेतला आणि कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. मला हसू आलं, पण आईचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

मुलगी ताम्हणापाशी आली. वाकली. आणि तिने गाल फुगवले.

"अगं बाई, निरांजनाला फुंकर मारतेय ती!" आई ओरडली. "थांबव तिला! औक्षणाचा दिवा कुणी फुंकतं का?"

बहिणीने घाईघाईने गेम थांबवला. झालं होतं एवढंच, की ताम्हण दिसायला ताम्हण असलं तरी गेमच्या लेखी तो केकच होता आणि केकवरचं फुंकायचंच असतं. हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पडद्यावर माझी भाची गाल फुगवून निरांजनावर वाकलेली तशीच थांबली होती. बहिणीने गेम सेव्ह न करता बंद केला आणि हात जोडले. दुसऱ्याच दिवशी तिने एक मॉड शोधून काढला, ज्याने कुणाचं वयच वाढत नाही. त्यानंतर त्या घरात वाढदिवस आला नाही. अपशकुन टळला म्हणून आईला बरं वाटलं. बहिणीला वेगळ्याच कारणाने बरं वाटलं असणार. मुलीने आपल्यामागे मोठं व्हावं हेच तिला सहन होत नव्हतं. मलाही होत नव्हतं.

भाची आली तेव्हा अकरा वर्षांची झाली होती. तिचे काका कामासाठी दिल्लीला निघाले होते, वाटेत तिला झाशीला सोडून गेले. स्टेशनवर बहीण तिला शोधत होती आणि ती समोरच उभी होती. उंच झाली होती, केस कापलेले होते. तिने वाकून नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा. घरी आल्यावर तिला आमच्या बोलण्याचं नवल वाटायला लागलं. आमची आई म्हणाली, "भाजी अच्छी झालीय, अजून थोडी घे ना," आणि ती खुदकन हसली. तिचं मराठी स्वच्छ, आमचं हिंदीत भिजलेलं. पण हसणं तेवढंच. एरवी "चालेल" आणि "नको", यापलीकडे ती बोलेना. सकाळी उठून स्वतःचं अंथरूण घडी करून ठेवायची. बहीण तिच्यासाठी काय काय करायची आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहायची, आणि त्यामुळे पोरीच्या घशाखाली घास उतरायचा नाही. लेकराला आईजवळ अवघडल्यासारखं होतंय, हे पाहणं फार वाईट. आपण काहीच करू शकत नाही.

एका दुपारी बाहेर भाजणाऱ्या वाऱ्याची लू वाहत होती आणि आम्ही सगळे कूलरच्या खोलीत पडलो होतो. भाचीची नजर कॉम्प्युटरवर गेली. पडद्यावर त्या गेमची खूण होती.

"आई! हा गेम आहे तुझ्याकडे?" ती ओरडलीच. "काकांकडे आहे, मी रोज खेळते!"

आल्यापासून पहिल्यांदा तिचा खरा आवाज ऐकला. बहिणीने पदराने पडदा पुसला, खुर्ची दिली आणि शेजारी स्टुलावर बसली. गेम सुरू व्हायला फार वेळ लागायचा. बहीण तेवढ्यात कुकर लावून यायची. भाची पाय हलवत बसली. शेवटी घर दिसलं. निळी भिंत, तुळस, आणि भिंतीपाशी परकर-पोलका घातलेली मुलगी.

"ही कोण?"

"ओळख बघू."

भाचीने निरखून पाहिलं. मग हळूच स्वतःच्या हनुवटीला हात लावला. "मी? पण मी एवढीशी कुठे आहे?" थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मी परकर कधी घालते?"

"घालायचीस," बहीण म्हणाली.

पोरीने माउस इकडेतिकडे फिरवला. मुलगी अडखळत अडखळत चालली. "केवढे मॉड टाकलेत, आई. म्हणून अडतोय हा. काढून टाकू? मग बघ कसा पळतो. मॉडशिवायच मजा येते."

"पण ते तुझ्या आईने इतकी वर्षं बसून..." मी सुरुवात केली.

"रहने दे, दादा," बहिणीने मला मधेच तोडलं. आवाज शांत होता. मग मुलीला म्हणाली, "काढ. इथे माझ्याजवळ बैस आणि काढ."

आल्यापासून मुलीने तिच्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती. बहीण दुसरं काय म्हणणार होती?

भाचीने मॉडचं सगळं गाठोडं उचलून बाजूला ठेवलं आणि गेम पुन्हा सुरू केला. तो खरंच झटकन सुरू झाला. भिंत पांढरी झाली होती. साडीतली बाई पँटमध्ये आली होती. तुळशीच्या जागी काहीच नव्हतं. मुलीच्या अंगात कुठलातरी लाल फ्रॉक होता आणि हनुवटीवर तीळ नव्हता. वय थांबवणारा मॉडही गेला होता, त्यामुळे वाढदिवस लगेचच आला. भाचीने केक आणला.

आमची आई पलंगावर हातपंखा घेऊन बसली होती. तिने माझ्या बहिणीकडे पाहिलं. या वेळी ती काही बोलली नाही.

पडद्यावरच्या मुलीने गाल फुगवले, तसे माझ्या भाचीनेही फुगवले आणि दोघींनी एकदमच फुंकर मारली. मेणबत्त्या गेल्या, झगमग झाली आणि तिथे एक उंच मुलगी उभी राहिली. "आता ही माझ्याएवढी!" भाचीने टाळी वाजवली. बहीण हसली, मनापासून हसली. तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. मुलीने अंग चोरलं नाही. ती सगळी दुपार तो हात तिथेच होता.

मध्येच मी भाचीला विचारलं, मॉड नसले तर कसली गं मजा? दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचे कपडे. ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मामा, सगळं आपल्याला हवं तसंच होणार असेल तर मग खेळायचं काय?" जिच्या आयुष्यात तिला हवं तसं फारसं काही झालेलं नव्हतं, तिला हे इतकं सहज म्हणता यावं याचं मला आश्चर्य वाटलं. माझ्या बहिणीचंही खरं होतं. ज्या घरात आपलं कुणीच नाही तिथे माणसाने काय खेळावं? आजही मला यात एकीची बाजू घेता येत नाही.

ऊन उतरेपर्यंत पडद्यावरची मुलगी मोठी बाई झाली होती. भाची म्हणाली, "आता हिला वेगळं घर देऊया."

"का? राहू दे ना इथेच."

"मोठी झाली ना ती. सगळे जातात." तिने बटण दाबलं. दारात गाडी आली, मुलगी त्यात बसली आणि गेली.

बहीण जरा वेळ रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली. "परत येते का?" तिने विचारलं.

"फोन करायचा. बोलावलं की येते."

त्यानंतर भाची राहिली तेवढे दिवस दोघी रोज दुपारी खेळल्या. ती अंथरुणाची घडी करायची विसरू लागली, एकदा तर आईच्या पदराला हात पुसले. बहिणीने तो पदर दुसऱ्या दिवशी धुतला नाही. मग काका परत आले. गाडी हलली तेव्हा भाची खिडकीतून ओरडली, "आई, पुढच्या वर्षी येते!" आम्ही त्यावर वर्षभर जगलो.

पुढच्या वर्षी ती आली नाही. साताऱ्याला फोन लावला की तिची आजी उचलायची. कधी ती क्लासला गेलेली असायची, कधी झोपलेली, आणि नंतर करायला सांगते असं आजी म्हणायची. नंतर फोन येत नसे. मे संपला तेव्हा बहीण पुन्हा कॉम्प्युटर लावून बसली. घर तेच होतं, पांढऱ्या भिंतींचं, आणि आत पँटमधली एकटी बाई.

"ते सगळं परत टाक ना," मी म्हणालो. "बाजूला ठेवलेलं आहे ना अजून? तुळस, भिंत, सगळं. असं उघडंबोडकं खेळण्यात काय मजा येते तुला?"

"मजा कुठे, दादा?" ती म्हणाली. "ती तिकडे असंच खेळते ना."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. तिने त्या बाईला उठवून फोनपाशी नेलं. बाईने फोन लावला. थोड्याच वेळात समोरच्या रस्त्यावरून एक तरुण मुलगी भराभर चालत आली आणि दाराशी उभी राहिली.

"बघ," बहीण म्हणाली, "पहिल्या फोनला आली."