झाडांना लागलेला पेंढा

पेंढ्याची गाडी भरली की तिला आरसे असून नसल्यासारखे होतात. भारे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले असतात आणि आरशात बघावं तर पिवळ्या काड्यांशिवाय काही दिसत नाही. मागून कोण येतंय ते देवाला ठाऊक, आपण किती रुंद झालोय तेही देवालाच ठाऊक. दुधाच्या टेंपोवर हात बसलेल्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

मी ट्रकवर आलो तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्याआधी काही वर्षं सापगावहून दुधाचा टेंपो चालवत होतो. टेंपो म्हणजे घरचं मांजर. कुठेही घाला, निघायची वाट त्याची तोच शोधतो. हेवी लायसन हातात आलं तेव्हा मला वाटलं, आता फक्त चाकं वाढली. त्याच दिमाखात आटगावजवळच्या एका गवताच्या वखारीवर गेलो. दिवाळीनंतर भाताची झोडणी आटोपली की मुरबाडकडच्या गावांतून पेंढा गोळा करून या वखारीत आणायचा, इथून तो पुढे तबेल्यांना जायचा. वखारीच्या शेठचा एक जुना ट्रक होता आणि ट्रकवर तितकाच जुना ड्रायव्हर. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागलो.

क्लच दाबून दाबून मामांचा डावा गुडघा गेला होता. केबिनमधून उतरताना ते आधी उजवा पाय टेकवायचे, मग डावा दोन्ही हातांनी उचलून खाली आणायचे. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं होतं. म्हणून शेठला नवा माणूस हवा होता. शेठनं मला सरळ सांगितलं की हंगामभर मामा बाजूला बसतील. ते हो म्हणाले की सीट तुझी. हंगाम संपेपर्यंत नाहीच म्हणाले, तर भिवंडीहून तयार ड्रायव्हर आणीन. माझ्या टेंपोवर तोवर दुसरा बसला होता. म्हणजे मागे जायला जागा नव्हती आणि पुढे मामा बसले होते.

पहिल्या दिवशी गाडी मामांनीच चालवली आणि मी बाजूला बसून रस्ता बघितला. बघितला म्हणजे काय, परतताना शेणव्यापर्यंतच बघितला. दुपारची वेळ, इंजिनाची धग, पोटात भाकरी. माझी मान कधी पडली कळलं नाही. गाडी थांबल्यावर जाग आली. मामांनी पाण्याचा डबा माझ्या हातात दिला आणि तोंड धुऊन ये म्हणाले. बाजूला बसणाऱ्यानं झोपायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. बाजूचा घोरायला लागला की झोप सरकत सरकत स्टेअरिंगवर येते. मी जरा चिडूनच विचारलं, तुम्ही कधी झोपलाच नाहीत का? ते म्हणाले, गाडी दुसऱ्याच्या हातात असताना त्यांचा डोळा कधी लागला नाही, आणि लागावा असा ड्रायव्हरही अजून भेटला नाही. मला ती बढाई वाटली.

दुसऱ्या दिवसापासून सीटवर मी. सकाळी रिकामी गाडी घेऊन सापगावचा पूल ओलांडून, शेणवे, किन्हवली, सरळगाव करत पुढे जायचं. तेव्हा मी राजा असायचो. दुपारी तीच गाडी भरून परत निघायची आणि राजाची दैना व्हायची. सकाळी जो रस्ता ऐसपैस वाटलेला असायचा तो दुपारी कुणीतरी दोन्हीकडून आवळल्यासारखा व्हायचा. वळण टेंपोसारखं लवकर कापायचो आणि मागची चाकं मोरीच्या कठड्याला घासायची. गाडी सपाट रस्त्याला लागली की माझा डावा पाय आपोआप क्लचवर जाऊन विसावायचा, आणि मामा माझ्या पायाकडे न बघता विचारायचे, पाय ठेवायला घरी पाट नाय का? उतारावर डिझेल वाचवायला मी न्यूट्रल करायचो. सगळे करतात म्हणून मीही. पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पहिल्यांदा केलं तेव्हा मामांनी हात पुढे केला आणि माझा हात गिअरच्या दांड्यावर दाबला. नंतर एवढंच म्हणाले, "गिअरात हाय तोवर गाडी तुझी. न्यूट्रल केलीस की ती तिची."

पण माझी खरी फजिती झाडांनी केली. हंगामात त्या रस्त्यावरच्या झाडांना पेंढ्याच्या दाढ्या फुटतात. प्रत्येक गाडीच्या काड्या फांद्यांना थोड्याफार लागतातच. पण उंच फांदीला लागलेला पेंढा ही गोष्ट वेगळी आणि कडेच्या खालच्या फांदीला लागलेला वेगळी. खालचा म्हणजे गाडी रस्त्याच्या कडेला घसरलेली, म्हणजे ड्रायव्हर नवा. समोरून एसटी आली की मी घाबरून डावीकडे इतका सरायचो की आंबा, चिंच जे असेल ते गाडीला फणीसारखं विंचरून काढायचं. भरलेल्या गाडीतून हे कळायचंही नाही. दुसऱ्या सकाळी रिकामी गाडी घेऊन जाताना मामा बोट दाखवायचे. "तो बघ, तुझा." जरा पुढे गेलं की परत, "तोपण तुझा." आदल्या दिवशीच्या चुका अशा उन्हात वाळत टांगलेल्या असायच्या आणि त्यांच्या खालूनच मला जावं लागायचं.

किन्हवलीच्या अलीकडे एक मोठी चिंच होती. थोड्याच दिवसांत तिच्याखाली दोन-तीन बाया टोपल्या घेऊन उभ्या राहू लागल्या. मला वाटलं, एसटीची वाट बघत असतील. एकदा गाडी हळू झाली तेव्हा त्यांतली एक मामांना म्हणाली, या नव्या डायवरला काढू नका, आमच्या गुरांचं बरं भागतंय. दुसरी म्हणाली, नव्याचे नऊ दिवस गो, शिकला की पडायचा बंद. मामा पोट धरून हसले. मी आधीच तापलेलो, त्यात हे. त्या दिवशी मी मामांशी वखारीपर्यंत बोललो नाही. रोज संध्याकाळी शेठ वखारीच्या दारात यायचा, मामांकडे बघून भुवई उडवायचा आणि मामा म्हणायचे, "अजून नाय."

सरळगावच्या नाक्यावर मामा रोज गाडी थांबवायला लावत. टपरीवर बसून बशीत ओतून सावकाश चहा पीत. भाऱ्यांवर बसून येणारा हमाल खाली उतरे, आळोखेपिळोखे देई, मग दोघे मिळून गाडीभोवती फिरून दोर ताणत. मला हा निव्वळ आळस वाटायचा. भरताना दोर मी स्वतः पाय रोवून ओढलेला असायचा, त्याला पुन्हा काय ओढायचं? एक दिवस निघायला उशीर झाला होता. सरळगाव आलं, मामा म्हणाले घे बाजूला, आणि मी म्हणालो, आज नको मामा, चहा वखारीवर पिऊ. त्यांनी हट्ट धरला नाही, आणि मी गाडी तशीच पुढे काढली.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पुढच्या मोठ्या वळणावर गाडी मला अचानक हलकी वाटली. मग वरून हमालाची शिवी ऐकू आली, आणि अर्धा पेंढा रस्त्यावर होता. हमाल भाऱ्यांबरोबरच खाली आला, पण पेंढ्यावरच पडला म्हणून वाचला. मग मामांनी सांगितलं. सकाळी भरलेला पेंढा दवानं फुगलेला असतो. थोडं अंतर गेलं, धक्के बसले, ऊन लागलं की तो खाली बसतो आणि कितीही ओढलेला दोर ढिला होतो. सरळगावचा चहा चहासाठी नसतोच, तो पेंढा बसण्यासाठी असतो. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, रोज तुझ्यासमोरच तर दोर ताणत होतो.

ती सगळी दुपार आम्ही रस्त्यावरचे भारे पुन्हा चढवत होतो. मामा गुडघ्यामुळे वाकू शकत नव्हते, ते वळणावर उभे राहून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत राहिले. कुसळं मानेत, पाठीत, कमरेच्या नाडीत घुसली होती. वखारीवर पोहोचलो तेव्हा माझे हात खांद्याच्या वर जात नव्हते. शेठनं भुवई उडवली. मामांनी नेहमीचं उत्तर दिलं.

घरी आलो आणि बायकोवर सगळं ओकलो. म्हटलं, म्हातारा मुद्दाम नाही म्हणतोय. हो म्हणाला तर उद्यापासून त्यालाच घरी बसावं लागेल ना. माझी सीट जाईल, पण तो केबिनमध्ये बसून फिरायचं सोडणार नाही. ती माझ्या पाठीतली कुसळं काढत होती. काढता काढता म्हणाली, "चिंचेला पेंढा काय मामा नेऊन लावतात?"

मला राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

त्यानंतर मी शिकलो असं म्हणणार नाही. थकलो, हे जास्त खरं. दिमाख करायला अंगात ताकद उरली नव्हती, आणि दिमाख गेल्यावर कान जरा उघडले. मामांनी सावली बघायला शिकवलं. दुपारी उन्हं कलली की भरलेल्या गाडीची सावली शेजारच्या शेतातून पळत येते. आरसे जे दाखवत नाहीत ते ती दाखवते; भार एका बाजूला झुकला की सावलीचा खांदा उतरतो. सरळगावला मी न सांगता थांबू लागलो. समोरून एसटी आली की डावीकडे पळण्याऐवजी आधी वेग कमी करू लागलो. सकाळी मामांचं बोट कमी वेळा वर जाऊ लागलं. तरी संध्याकाळचं उत्तर बदललं नाही, आणि माघ गेला, फाल्गुन गेला. गावागावांतल्या पेंढ्याच्या उडव्या संपत आल्या. शेठ भिवंडीच्या माणसाशी एसटीडी बूथवरून फोनवर बोलून आला, हे मला हमालानं सांगितलं.

शेवटच्या खेपांमधली ती एक होती. चैत्रातलं ऊन, डांबर मऊ झालेलं. सरळगावला पेंढा बसू दिला, दोर ताणले, चहा घेतला. चिंचेखाली एकच बाई उभी होती. गाडी पुढे गेली आणि मागे काहीच पडलं नाही. तिनं रिकामी टोपली डोक्यावर पालथी घातली आणि निघून गेली. मामा काहीतरी टोमणा मारतील म्हणून मी वाट बघत होतो. टोमणा आलाच नाही. शेणवे मागे पडलं. पुलाचा उतार आला तेव्हा मी खालचा गिअर टाकला आणि बघितलंत का, अशा अर्थानं त्यांच्याकडे बघितलं.

मामांची मान दाराच्या चौकटीला टेकली होती. तोंड उघडं, टॉवेल मांडीवरून घसरून पायाशी. मी त्यांच्या खांद्याकडे हात नेला. मग घोरण्याचा आवाज आला.

नियमाप्रमाणे मी त्यांना उठवायला हवं होतं. तोंड धुवायला लावायला हवं होतं. मी उठवलं नाही. पूल ओलांडला, शहापूर आलं, हायवेला लागलो. ते म्हणाले होते तशी झोप खरोखरच सरकत माझ्याकडे आली. जीभ दातांत धरून मी ती परतवली. खड्डे चुकवत होतो ते गाडीसाठी नाही, त्यांच्या मानेसाठी. त्या सगळ्या रस्त्यात मी एकदाही हॉर्न वाजवला नाही. डोळ्यांत पाणी येत होतं. धूळ होतीच, पण धुळीचं नव्हतं.

वखारीत इंजिन बंद केलं तेव्हा ते जागे झाले. शेठ दारात उभाच होता. त्यानं भुवई उडवली आणि या वेळी तोंडानंही विचारलं, काय मामा, कशी चालवली?

मामांनी टॉवेल उचलून तोंड पुसलं.

"मला काय माहीत," ते म्हणाले. "मी तं झोपलेलो."

शेठही त्यांना इतकी वर्षं ओळखत होता. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, उद्या सकाळी लवकर निघ. भिवंडीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मामांनी आपला पाण्याचा डबा आणि तंबाखूची चंची घेतली. उजवा पाय टेकवला, डावा दोन्ही हातांनी उचलून खाली आणला. आता ते उद्या येणार नाहीत हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो. तिथे विचारलं, खरंच झोप लागली होती का?

"लय वर्षांची राहिलेली रे," ते म्हणाले आणि पाय ओढत एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.

त्यानंतर मी बरीच वर्षं गाडी चालवली. पेंढ्याची, विटांची, मग लांबच्या पल्ल्याची. आता माझाही डावा गुडघा कुरकुरतो. कधी बायकोबरोबर एसटीनं मुरबाडला जातो तेव्हा खिडकीशी बसून समोरच्या काचेतून रस्ता बघत राहतो. ड्रायव्हर वळण लवकर कापतो तेव्हा माझा पाय ब्रेकवर जातो आणि खाली नुसता पत्रा लागतो. ती म्हणते, ड्रायव्हर हाय ना पुढं, झोपा की जरा. मी डोळे मिटून बघतो. झोप येत नाही.