पाला कडू लागला तरी

रिहे गावात साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. आणि पान लागलं की आधी सारजाबाईंना बोलावणं जातं. मंत्रबिंत्र काही नाही. चावलेल्याला त्या कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर दवाखाना गाठा. चाळीस वर्षांत त्यांचा पाला चुकला नाही, असं गाव सांगतं, आणि बाईंनाही ते ऐकायला आवडतं.

बाई मुलखाच्या चौकस. साप मेलेला असो की जिवंत, त्या वाकून बघणारच. बांधावरची घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, हे त्यांनी अर्धा तास उभं राहून ऐकलंय. एवढं सगळं बघितलं, पण आपल्या पाल्याकडे मात्र कधी निरखून पाहिलं नाही.

यंदा भाद्रपदात सकाळीच सून हेमलता पोट धरून उठली. अंथरूण झटकलं, तर काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप भिंतीकडे सरकला. सुनेच्या दंडावर टाचणी टोचल्याएवढी खूण. सूज नाही, आग नाही.

बाईंनी पाला दिला. "कडू हाय, आत्या," हेमलतानं तोंड वाकडं केलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुलगा म्हणाला, "कवड्या असंल. त्याला कुटं विष असतंय?"

बाई मात्र सापाकडेच बघत होत्या. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक, शेपटीकडे पुसट. ह्याची मान कोरी, आणि मागं जोडीजोडीनं पट्टे. मग पाला कडू कसा? त्या सुनेकडे वळल्या. तिच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या.

"झोप येतीया व्हय गं?"

"न्हाई वो. डोळंच उघडंनात," हेमलता नाकात बोलली.

"गाडी काढ!" बाई मुलावर ओरडल्या. "मण्यार हाय ही! पाला खोटा बोलतोय!"

पौडच्या दवाखान्यात लस सुरू झाली, पुढे पुण्यात दोन दिवस श्वासाचं यंत्र. तिसऱ्या दिवशी हेमलतानं डोळे उघडले, तेव्हा बाई सगळ्यांदेखत रडल्या. डोळे पुसले आणि लगेच तिथल्या डॉक्टर मेधांना गाठलं.

"मण्यारीचं विष नसांवर जातं, आजी," मेधा म्हणाल्या. "चावल्या जागी दुखत नाही, सुजत नाही. पोटात दुखतं, पापण्या पडतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. घोणशीनं सूज येते, रक्त गोठत नाही. पाल्याच्या चवीवरून यातलं काहीच कळत नाही."

"मग माजी येवढी मान्सं वाचली ती?"

"त्यांना बहुतेक बिनविषारीच साप चावले असतील."

बाईंच्या डोळ्यांपुढे गावातली रत्नाबाई आली. अकरा वर्षांपूर्वी रत्नाबाईच्या नवऱ्याला पान लागलं होतं. पाला कडू लागला, म्हणून बाईंनी त्याला झोपायला सांगितलं. तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं, असं गाव म्हणालं. बाईही तेच म्हणाल्या होत्या.

गावात परतल्यावर त्या घरी न जाता थेट रत्नाबाईच्या ओट्यावर गेल्या.

"रत्ना, तुज्या मालकाला तवा दवाखान्यात न्यायला पायजे हुतं. माजं चुकलं गं."

रत्नाबाई तांदूळ निवडत होती. एक खडा वेचून तिनं ओट्याखाली टाकला.

"मला तवाच वाटलं हुतं, काकू," ती म्हणाली. "पन तुमच्या पाल्याम्होरं बोलायचं कुनी?"