शेंदूर फासलेला दगड

कुणीतरी लपवलेला डबा फोनवरच्या नकाशावरून हुडकायचा आणि पुन्हा तिथेच लपवून ठेवायचा, हा आमचा जिओकॅशिंगचा छंद. त्यापायी भर उन्हात टेकडी चढून आलो, तर नेमक्या त्याच दगडाला शेंदूर फासलेला! डबा खाली आणि वर देव. आता दगड हलवायची सोय उरली नाही. चिडून मी शेळ्या राखणाऱ्या मावशींना विचारलं, "हा देव कधी झाला?"

"तुमच्यासारखी माणसं लांबून येतात, इथंच वाकतात आन् खूश होऊन जातात. म्हटलं, जागृत असंल."

म्हणजे आमचं शोधणं कुणाला दिसलंच नाही; दिसलं ते नुसतं वाकणं. चरफडत परत निघालो, तर दगडासमोर हात आपोआप जोडले गेले. मावशींनी समाधानाने मान हलवली.