कोर्टात जिंकलेले मामाजी कमेटीत कसे पडले

माझे सासरे कोर्टात जिंकले, म्हणूनच निवडणुकीत पडले. वाक्य उलटं लिहिलंय असं वाटेल, पण ते सरळच आहे.

मी अकोल्याची, मॅट्रिक झालेली, तोंडाची जरा तिखट. लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा सासरे, आमच्या रीतीनं मामाजी, घराच्या पुढच्या खोलीत वैद्यकी करत. ते आधी नाडी धरायचे, मग डोळे मिटायचे, मग झापायचे. "पावभर ठेचा खाते अन् वरून विचारते, मले आग काहून होते!" झापल्याशिवाय पेशंटला औषध लागू पडत नसे. पुड्या बांधायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी घडी नेटकी. हाताला येईल तो कागद घ्यायचा, चौकोन कापायचा, चूर्ण टाकायचं, टोक आत खोचायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडी वर्षं झाली आणि वैद्यांच्या नोंदणीचा कायदा आला. सरकारी यादीत नाव नाही त्यानं औषध द्यायचं नाही. मामाजींनी वेळेत अर्ज केला होता, शिक्का मारलेली पोचही आली होती. ती पोच मी एका पुडीला वापरून टाकली! कोणाच्या, ते आठवेना. पुढे कोणीतरी तक्रार ठोकली, खटला उभा राहिला आणि सरकारी वकील भर कोर्टात मामाजींना भोंदू म्हणाला.

त्या दिवशी ते ताटावर बसले, पण घास उचलेनात. "बत्तीस वर्सं लोकायच्या नाड्या पाह्यल्या, अन् आता मी भोंदू!" एवढंच बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नेमकी तेव्हाच कमेटीची निवडणूक लागली. नगरपालिकेला आमच्याकडे कमेटीच म्हणत. गल्लीतला शिंपी, दम्याचा जुना पेशंट, चार माणसं घेऊन आला. "वैद्यबुवा, दवाखान्याले कुलूप लागलं तं लागू द्या. तुमी कमेटीत बसा. आमी आहो ना!" मामाजी आधी नको नको म्हणाले, मग त्याच शिंप्याकडे काळा कोट शिवायला टाकला. मला म्हणाले, "सूनबाई, गल्लीनं निवडून देलं ना, तं तो भोंदू शब्द पुसला जाईन." त्यांना खुर्चीची हौस नव्हती. त्यांना तेवढा एक शब्द पुसून हवा होता. चिन्ह मिळालं छत्री. समोर लाकडाच्या टालाचा, म्हणजे वखारीचा, मालक उभा होता, त्याची शिडी. त्या टालवाल्याला गल्लीत कुत्रं विचारत नव्हतं.

मतदानाला आठ दिवस उरले आणि तिवस्याची एक म्हातारी दारात हजर. मामाजींचे पेशंट गुण येईपर्यंत पुडीचा कागद फेकत नसत, देवाजवळ ठेवत. तिच्या कागदावरचा शिक्का गावातल्या मास्तरांनी वाचला आणि तिला म्हणाले, बाई, आधी एसटी धर. आमची पोचच होती ती! हळदकुंकवानं माखलेली, हिंगाचा वास मारणारी, पण तारीख शाबूत. न्यायाधीशांनी ती दोन बोटांनी धरली, शिंकले, आणि निकाल दिला: अर्ज मुदतीत आहे, त्याचा निर्णय लागेपर्यंत वैद्यांना औषध देता येईल. मामाजी सुटले.

मला तर आभाळ ठेंगणं झालं. मी लगेच पत्रक लिहिलं, छापून घेतलं आणि स्वतः घरोघर वाटलं. "वैद्यबुवा निर्दोष! दवाखाना रोज सकाळी उघडा राहील! छत्रीवर शिक्का मारा!" त्यातलं मधलं वाक्य घालायची अक्कल कुठून सुचली मला, देव जाणे. दुसऱ्या दिवशीपासून नळावरच्या बाया गप्प झाल्या. मी दिसले की घागरीत बघायच्या.

मतदानाच्या दिवशी शिंपी रांगेत माझ्या पुढेच होता. दोन बोटं उंचावून म्हणाला, "छत्री!" बाहेर येताना मात्र त्यानं दुसऱ्याच दिशेला पाहिलं. माझ्या कडेवर वर्षाची लेक होती, डांग्या खोकल्यानं बेजार. मामाजी तिला दर दोन तासांनी चाटण देत होते.

मामाजी पडले. थोडेथोडके नाही, सपशेल. टालवाल्याला स्वतःलाही पटेना. मामाजींनी नवा कोट खुंटीला टांगला आणि म्हणाले, "कोर्टाले पटलं. गल्लीले नाई पटलं." मला त्यांच्याकडे बघवेना.

सकाळी दार उघडलं तर रांग पार मारुतीच्या ओट्यापर्यंत! एवढी रांग खटल्याच्या आधीही कधी लागली नव्हती. पहिला नंबर शिंप्याचा.

"आता काहून आला बे?" मामाजी म्हणाले.

"रागावू नका, वैद्यबुवा. कुलूप लागत होतं तं गोष्ट वेगळी होती. आता तुमी तिकडे कमेटीत भाषणं ठोकून राहिले असते, तं या दम्यासाठी मी काय टालवाल्याकडे जाऊ?"

मागची सगळी रांग "बरोबर, बरोबर" म्हणाली. लाज नाही मेल्यांना!

मामाजी आत आले, काडेचिराइताचा कडूजहर काढा उकळायला ठेवला आणि भलं मोठं पातेलं भरून बाहेर नेलं. त्या दिवशी सगळ्यांना एकच औषध. दमा असो, खरूज असो, पाय मुरगळलेला असो, आधी वाटीभर काढा, मग नाडी. काडेचिराईत ज्यानं चाखलंय त्यालाच कळेल ते. रांगेतल्या एकानंही नाही म्हटलं नाही. तोंडं वेडीवाकडी करत प्यायले सगळे. मी उरलेल्या पत्रकांचे चौकोन कापून पुड्या बांधत होते आणि हसू दाबत होते.

रांग संपली. मामाजींनी हात धुतले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सूनबाई, तू तरी छत्रीवर मारला ना शिक्का?"

आत लेक खोकली. मी मान खाली घातली आणि पुडीचं टोक आत खोचत बसले.

पातेल्यात तळाशी राहिलेला काढा मामाजींनी वाटीत ओतला आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. मी गुपचूप प्यायले.